नमुना अवकाश कोणता घ्यावा आणि यादृच्छिक चल नेमके कशाला म्हणावे?

वाचकाचे पत्र: मी पदवीच्या पहिल्या वर्षाला संख्याशास्त्र शिकत आहे. आकडेमोड मला जमते, पण संभाव्यतेच्या उदाहरणाची पहिली ओळच चुकते. दोन फाशांवरील अंकांची बेरीज ८ येण्याची संभाव्यता विचारली होती. बेरीज २ ते १२ यांपैकी काहीही येऊ शकते, म्हणून मी अकरा घटकांचा नमुना अवकाश (सर्व शक्य निष्पत्तींचा, म्हणजे निकालांचा संच) लिहिला आणि १/११ हे उत्तर काढले. ते चूक ठरले. पिशवीत तीन लाल आणि दोन पांढरे चेंडू असलेल्या दुसऱ्या एका उदाहरणात मी चेंडूंच्या जोड्या क्रम न पाहता मोजल्या, वर्गात त्या क्रमासह मोजल्या, तरी दोन्ही लाल येण्याचे उत्तर एकच आले. मात्र पहिला चेंडू परत पिशवीत टाकून मग दुसरा काढायचा, एवढा बदल करताच माझी पद्धत चुकली. आता यादृच्छिक चल सुरू झाले आहे. व्याख्येत ते फलन आहे असे म्हटले आहे, तर बरोबरीचे विद्यार्थी म्हणतात की ती म्हणजे 'अजून न कळलेली संख्या'. फलन असेल तर त्यात यादृच्छिक काय उरते? आणि शेवटी संख्याच हवी असेल, तर नमुना अवकाशाचा खटाटोप कशासाठी?

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

पत्र सविस्तर लिहिलेत आणि चुकलेली उत्तरेही जशीच्या तशी कळवलीत, हे फार बरे झाले, कारण तुमची अडचण त्या उत्तरांतूनच स्पष्ट दिसते. एक निष्पत्ती म्हणजे नेमके काय, हे ठरवण्याआधीच तुम्ही मोजायला सुरुवात करता, आणि तुमचे सगळे प्रश्न तेथूनच निघाले आहेत. म्हणून मुख्य सल्ला आधीच सांगतो. कोणतेही उदाहरण हाती घेतले की महिरपी कंस उघडण्यापूर्वी वहीत एक पूर्ण वाक्य लिहा: 'या प्रयोगाची एक निष्पत्ती म्हणजे अमुक.' हे वाक्य नीट लिहिता आले, तर पुढचे बरेचसे काम मार्गी लागते. ते लिहिता आले नाही, तर पुढे चाललेली आकडेमोड कशाची आहे हे कोणालाच सांगता येणार नाही.

दोन फाशांच्या उदाहरणापासून सुरुवात करू. तुमचा अकरा घटकांचा नमुना अवकाशच चुकीचा होता, असे तुम्हाला सांगण्यात आले असेल, तर ते सांगणे अपुरे होते. नमुना अवकाशाकडून आपल्या अपेक्षा दोनच असतात. प्रयोगात जे जे घडू शकते ते सर्व त्यात आले पाहिजे, आणि प्रयोग एकदा पार पडला की त्यातला एक आणि एकच घटक खरा ठरला पाहिजे. २ पासून १२ पर्यंतच्या बेरजा या दोन्ही अटी पूर्ण करतात. सर्व घटक समसंभाव्य, म्हणजे सारख्याच संभाव्यतेचे असावेत, अशी अट व्याख्येत कोठेही नाही. चूक झाली ती पुढच्या पावलाला: घटक अकरा आहेत, म्हणून प्रत्येकाच्या वाट्याला १/११ येणार, हे तुम्ही गृहीत धरले आणि त्या गृहीतकाला काहीच आधार नव्हता. बेरीज २ येण्यासाठी दोन्ही फाशांवर १ यावा लागतो, तर बेरीज ७ सहा वेगवेगळ्या प्रकारांनी येते. त्याच अकरा घटकांना १/३६, २/३६, ३/३६ असे चढत ६/३६ पर्यंत आणि पुन्हा तसेच उतरत १/३६ पर्यंत संभाव्यता दिल्या असत्या, तर तुमच्या मांडणीत काहीही उणे राहिले नसते आणि ८ साठी ५/३६ हे उत्तर तिच्यातूनच मिळाले असते.

मग छत्तीस जोड्यांचा अवकाश सगळे का घेतात? त्या ३६ ने भागलेल्या संभाव्यता कोठून आणायच्या, याचे उत्तर त्या अवकाशात मिळते म्हणून. फाशाच्या सहा बाजू आकाराने आणि वजनाने सारख्या आहेत आणि एका फाशाला दुसऱ्याचे काय झाले हे कळत नाही, एवढी साधी भौतिक माहिती आपल्याजवळ असते. ही माहिती 'पहिल्या फाशावर ३, दुसऱ्यावर ५' अशा जोड्यांबद्दल थेट बोलते आणि म्हणून प्रत्येक जोडीला १/३६ देता येते. बेरजांबद्दल ती थेट काहीच सांगत नाही. तेव्हा नमुना अवकाश निवडताना स्वतःला विचारण्याचा प्रश्न असा: मला प्रयोगाविषयी जे खरोखर माहीत आहे, ते कोणत्या निष्पत्तींच्या भाषेत सांगता येते? निष्पत्तींचा संच ठरवणे आणि त्यांना संभाव्यता देणे हे दोन वेगळे निर्णय आहेत. रशियन गणितज्ञ आंद्रेई कोल्मोगोरोव्ह यांनी १९३३ मध्ये संभाव्यतेची जी स्वयंसिद्धके मांडली, त्यांतही निष्पत्तींचा संच, त्यातून घडणाऱ्या घटनांचे कुल आणि त्या घटनांना दिलेली संभाव्यता या तीन गोष्टी वेगळ्या ठेवलेल्या आहेत. संभाव्यता शून्यापेक्षा कमी नसावी, संपूर्ण संचाची ती १ असावी, आणि ज्या घटना एका वेळी घडू शकत नाहीत त्यांच्या एकत्रित घटनेची संभाव्यता त्यांच्या संभाव्यतांच्या बेरजेइतकी असावी, एवढेच ती स्वयंसिद्धके मागतात; घटक मोजून भागाकार करा, असे ती कोठेही म्हणत नाहीत.

ही गल्लत मोठमोठ्या गणितज्ञांचीही झालेली आहे, हे सांगतो ते तुमच्या समाधानासाठी नव्हे, तर त्यांच्या चुका फार शिकवणाऱ्या आहेत म्हणून. फ्रेंच गणितज्ञ दालांबेर यांनी १७५४ मध्ये विश्वकोशातील एका नोंदीत असा प्रश्न घेतला: नाणे दोनदा फेकले, तर निदान एकदा छापा येण्याची संभाव्यता किती? सर्वसाधारण उत्तर ३/४. दालांबेर यांचा युक्तिवाद असा होता की पहिल्याच फेकीत छापा आला तर दुसरी फेक करण्याचे कारणच उरत नाही, म्हणून शक्यता तीनच: पहिल्यांदाच छापा, आधी काटा मग छापा, दोन्ही वेळा काटा, त्यांतील दोन अनुकूल, म्हणून उत्तर २/३. त्यांचा तीन घटकांचा नमुना अवकाश आपल्या दोन्ही अटींना पुरा उतरतो. पण नाणे प्रामाणिक असेल तर त्या तीन घटकांच्या संभाव्यता १/२, १/४, १/४ आहेत, आणि पहिल्या दोघांची बेरीज पुन्हा ३/४ च होते. म्हणजे अवकाश त्यांचा, उत्तर सर्वांचे. विशेष म्हणजे या घटनेच्या शंभर वर्षे आधी, १६५४ मध्ये, पास्काल आणि फर्मा या फ्रेंच गणितज्ञांच्या पत्रव्यवहारात हाच मुद्दा येऊन गेला होता. अर्धवट थांबलेल्या खेळातील पैसे कसे वाटावेत, हे ठरवताना फर्मा यांनी खेळ निकाली निघाल्यानंतरच्या डावांचीही कल्पनेने गणती केली, कारण तसे केल्याने सर्व निष्पत्ती सारख्या लांबीच्या आणि समसंभाव्य होतात. जे डाव खेळलेच जाणार नाहीत ते कसे मोजता, हा त्यांचे समकालीन गणितज्ञ रोबेरव्हाल यांचा आक्षेप पास्काल यांनी पत्रात कळवला होता. आक्षेपाचे उत्तर असे की न खेळलेले डाव मोजल्याने कोणाच्या जिंकण्याहरण्यात फरक पडत नाही. फक्त मोजणी सोपी होते.

क्रम मोजावा की नाही, हा तुमचा दुसरा प्रश्न. याच्या मुळाशी जाण्यासाठी गॅलिलिओ यांनी सतराव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत सोडवलेले एक कोडे पाहा. तीन फासे टाकले तर बेरीज ९ आणि बेरीज १० या दोन्ही सहा-सहा प्रकारांनी लिहिता येतात. ९ साठी १-२-६, १-३-५, १-४-४, २-२-५, २-३-४ आणि ३-३-३. १० साठी १-३-६, १-४-५, २-२-६, २-३-५, २-४-४ आणि ३-३-४. तरीही दीर्घ अनुभव असलेल्या खेळाडूंना १० जास्त वेळा येते असे आढळले होते. गॅलिलिओ यांनी दाखवले की तिन्ही अंक वेगळे असतील तर तो प्रकार फाशांवर सहा तऱ्हांनी येतो, दोन अंक सारखे असतील तर तीन तऱ्हांनी आणि तिन्ही सारखे असतील तर एकाच तऱ्हेने. हिशेब केला की २१६ क्रमवार निष्पत्तींपैकी ९ ला २५ आणि १० ला २७ मिळतात. सगळा फरक त्या एकट्या ३-३-३ मुळे पडतो, कारण १० च्या यादीत त्याच्या जागी ३-३-४ आहे आणि तो तीन तऱ्हांनी येतो.

आता हेच तुमच्या चेंडूंना लावा. पाच चेंडूंना मनात क्रमांक द्या. चेंडू परत न ठेवता दोन काढले, तर क्रमवार जोड्या २० होतात आणि त्यांपैकी दोन्ही लाल असलेल्या ६; उत्तर ३/१०. क्रम न पाहता जोड्या १० होतात आणि दोन्ही लाल असलेल्या ३. उत्तर पुन्हा ३/१०. हा योगायोग नाही. क्रम नसलेल्या प्रत्येक जोडीमागे बरोबर दोन क्रमवार जोड्या उभ्या असतात, अपवाद एकही नाही, म्हणून क्रम सोडून दिला की सर्वांचे वजन सारख्याच प्रमाणात वाढते आणि समसंभाव्यता टिकते. पहिला चेंडू परत टाकला की हे चित्र बिघडते. क्रमवार जोड्या आता २५ आणि दोन्ही लाल असलेल्या ९, म्हणून उत्तर ९/२५. क्रम न पाहता जोड्या १५ होतात, त्यांपैकी ६ मध्ये दोन्ही लाल, आणि तुम्ही ६/१५ म्हणजे २/५ हे उत्तर काढले असणार. पण या पंधरा जोड्यांपैकी पाच अशा आहेत की त्यांत एकच चेंडू दोनदा आला आहे. त्यांच्यामागे एकच क्रमवार जोडी आहे आणि उरलेल्या दहांमागे दोन-दोन. म्हणजे पाच घटकांची संभाव्यता १/२५ आणि दहांची २/२५. या संभाव्यता लावून तुमच्याच अवकाशात हिशेब करा: दोन्ही लाल असलेल्या सहांपैकी तीन जोड्या १/२५ च्या आणि तीन २/२५ च्या, बेरीज ९/२५. तुमची पद्धत एका उदाहरणात तरली आणि दुसऱ्यात बुडाली याचे कारण एवढेच, आणि ते एकदा नीट उमगले की 'येथे क्रमचय (क्रमासह मोजणी) घ्यायचे की संचय (क्रम न पाहता मोजणी)' हा प्रश्न पाठांतराचा राहत नाही.

अनेकांच्या मनात येथे एक शंका येते, कदाचित तुमच्याही आली असेल. दोन फासे इतके एकसारखे असतील की कोणता कोणता हे सांगताच येत नाही, तर (१, २) आणि (२, १) या वेगळ्या निष्पत्ती कशा? उत्तर असे की एका फाशाला रंग दिल्याने फासे वेगळे पडू लागत नाहीत. आपल्याला फरक दिसला नाही तरी ते दोन वेगळे पदार्थ आहेत आणि म्हणून जोड्यांची समसंभाव्यता कायम राहते. मात्र हे विधान जगाविषयीचे आहे, ते शुद्ध तर्कातून निघत नाही. प्रकाशकणांच्या बाबतीत नेमके हेच विधान खोटे ठरते. सत्येंद्रनाथ बोस यांनी १९२४ मध्ये प्लांक यांचा प्रारणाचा (तापलेल्या वस्तूंतून बाहेर पडणाऱ्या प्रकाशाचा) नियम ज्या मोजणीतून काढला, तिच्यात कोणता कण कोठे आहे हे न पाहता कोणत्या अवस्थेत किती कण आहेत एवढेच मोजले जाते. दोन कण आणि दोन अवस्था असतील, तर आपण नाण्यांच्या सवयीने चार समसंभाव्य निष्पत्ती मोजू. तेथे तीनच निघतात आणि प्रत्येकीला १/३ मिळतो. मला हे उदाहरण फार महत्त्वाचे वाटते. कोणत्या निष्पत्ती समसंभाव्य मानाव्यात हे शेवटी प्रयोगाच्या वस्तुस्थितीवरून ठरते आणि म्हणूनच ते गृहीतक उत्तरपत्रिकेत शब्दांत लिहिले पाहिजे.

'यादृच्छिक रीतीने निवडले' हे शब्द प्रश्नात दिसले की गृहीतक आपोआप मिळाले असे समजू नका. वर्तुळाची एक जीवा यादृच्छिक रीतीने काढली, तर ती वर्तुळातील समभुज त्रिकोणाच्या बाजूपेक्षा मोठी असण्याची संभाव्यता किती, हा प्रश्न जोसेफ बर्ट्रां यांनी १८८९ मध्ये मांडला. जीवेची टोके परिघावर यादृच्छिक घेतली तर उत्तर १/३ येते, केंद्रापासूनचे अंतर त्रिज्येवर यादृच्छिक घेतले तर १/२, आणि जीवेचा मध्यबिंदू वर्तुळाच्या क्षेत्रात यादृच्छिक घेतला तर १/४. तिन्ही हिशेब बरोबर आहेत, कारण ते तीन वेगवेगळे प्रयोग आहेत. एक निष्पत्ती म्हणजे काय, हे वाक्य लिहिले असते तर वाद उद्भवलाच नसता.

आता यादृच्छिक चल. व्याख्या खरोखर साधी आहे: नमुना अवकाशातील प्रत्येक निष्पत्तीला एक वास्तव संख्या नेमून देणारा ठरलेला नियम, म्हणजेच फलन, हे यादृच्छिक चल. दोन फाशांच्या छत्तीस जोड्या घ्या. क्ष हा नियम जोडीतील अंकांची बेरीज देतो, य हा नियम दोहोंतील मोठा अंक देतो, आणि झ हा नियम त्यांच्यातील फरक देतो. फाशांवर (३, ५) आले, तर क्ष म्हणतो ८, य म्हणतो ५, झ म्हणतो २. उद्या पुन्हा (३, ५) आले तरी तिघेही हेच म्हणतील. नियमात दैवाचा अंशही नाही. छत्तीसांपैकी कोणती जोडी पडेल, हे मात्र आधी सांगता येत नाही, आणि सगळी अनिश्चितता तेथेच असते. तुम्ही विचारलेल्या 'यादृच्छिक काय उरते' या प्रश्नाचे हे उत्तर: नियम स्थिर, निष्पत्ती अनिश्चित, आणि म्हणून नियमाने दिलेली संख्याही प्रयोग होईपर्यंत अनिश्चित.

यानंतर 'क्ष = ८' असे लिहिले जाते आणि माझ्या मते विद्यार्थ्यांचा गोंधळ येथेच सर्वांत जास्त होतो. शाळेतील बीजगणिताने आपल्याला क्ष म्हणजे शोधून काढायची संख्या, अशी सवय लावलेली असते. येथे शोधायची संख्या कोणतीच नाही. 'क्ष = ८' हे एका घटनेचे संक्षिप्त नाव आहे. ज्या निष्पत्तींना क्ष हा नियम ८ ही संख्या देतो, त्या सर्वांचा संच, म्हणजे (२, ६), (३, ५), (४, ४), (५, ३) आणि (६, २), असे ते वाचायचे असते. संभाव्यता नेहमी घटनेची असते, आणि घटना हा नमुना अवकाशाचा उपसंच असतो. म्हणून ५/३६ ही त्या पाच जोड्यांच्या संचाची संभाव्यता आहे. त्याचप्रमाणे 'य = ५' म्हणजे ज्यांतील मोठा अंक ५ आहे अशा नऊ जोड्या. पुढील काही दिवस तरी असे प्रत्येक समीकरण दिसले की त्याचा संच समोर लिहून काढा. कंटाळवाणे वाटेल, पण हा सराव टाळू नका.

तुमच्या सहाध्यायांची 'अजून न कळलेली संख्या' ही कल्पना मनात धरायला वाईट नाही, मात्र ती व्याख्या म्हणून चालवली तर लवकरच दगा देते. पहिल्या फाशावरील अंकाला अ म्हणा, दुसऱ्यावरील अंकाला ब म्हणा, आणि ७ मधून अ वजा करून येणाऱ्या संख्येला क म्हणा. अ, ब आणि क या तिन्ही 'अजून न कळलेल्या' संख्या आहेत. तिन्ही १ ते ६ यांपैकी काहीही असू शकतात आणि प्रत्येकीत प्रत्येक अंकाची संभाव्यता १/६ आहे. तेवढ्यावरून पाहिले तर तिघींत फरक करायला जागाच नाही. पण अ आणि क यांची बेरीज नेहमी ७ येते, अ आणि ब यांची बेरीज २ पासून १२ पर्यंत काहीही येते, आणि अ मध्ये अ च मिळवला तर फक्त सम संख्या येतात. दोन चलांचे वितरण (कोणते मूल्य किती संभाव्यतेने येते याची मांडणी) सारखे असणे आणि ते दोन चल एकच असणे यांत किती अंतर आहे, हे यावरून लक्षात येईल. हे अंतर न ओळखल्यामुळेच पुढे दोन स्वतंत्र निरीक्षणांची बेरीज लिहिताना विद्यार्थी एकाच निरीक्षणाची दुप्पट लिहून मोकळे होतात. दोहोंचे अपेक्षित मूल्य, म्हणजे संभाव्यतेनुसार काढलेली सरासरी, ७ च येत असल्याने चूक काही काळ झाकून राहते. पण अ आणि ब यांच्या बेरजेचे प्रचरण, म्हणजे मूल्ये सरासरीभोवती किती पसरली आहेत याचे माप, ३५/६ आहे, तर अ च्या दुपटीचे ३५/३.

नमुना अवकाशाचा खटाटोप कशासाठी, याचे उत्तरही येथेच मिळते. अनेक चल एकाच अवकाशावर उभे असतात, म्हणून त्यांच्याविषयी एकत्र बोलता येते. बेरीज ८ आणि मोठा अंक ५ या दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडण्याची संभाव्यता विचारली, तर वरच्या दोन संचांत सामाईक असलेल्या जोड्या पाहायच्या: (३, ५) आणि (५, ३), म्हणून २/३६. दोन चल स्वतंत्र असते तर ही संभाव्यता दोघांच्या संभाव्यतांच्या गुणाकाराइतकी आली असती. ५/३६ आणि ९/३६ यांचा गुणाकार मात्र ५/१४४ येतो आणि २/३६ म्हणजे ८/१४४, तेव्हा क्ष आणि य स्वतंत्र नाहीत हेही त्याच कागदावर सिद्ध झाले. तुमच्या अकरा घटकांच्या अवकाशात हा प्रश्न विचारताच येत नाही, कारण बेरीज लिहिताना मोठ्या अंकाची माहिती पुसली गेलेली असते. तुम्ही लिहिलेला तो संच खरे तर क्ष या चलाच्या मूल्यांचा संच होता, आणि जोपर्यंत एका क्ष पलीकडे काहीच विचारायचे नसते तोपर्यंत त्या मूल्यांवर आणि त्यांच्या वितरणावर भागते. पुढच्या अभ्यासात तुम्हाला दिसेल की अवकाश न लिहिताच 'क्ष या चलाचे वितरण अमुक आहे' अशी सुरुवात सर्रास होते. त्यात गैर काही नाही. मात्र तो अवकाश मागे उभा आहे, हे जाणून ती मुभा घ्यायची.

निष्पत्ती मोजता येण्याइतक्याच असाव्यात, असेही नाही. छापा पडेपर्यंत नाणे फेकत राहायचे, असा प्रयोग घ्या. एक निष्पत्ती म्हणजे काही काटे आणि शेवटी एक छापा, अशी मालिका; शिवाय काटेच काटे असलेली एक न संपणारी मालिका, जी अशक्य म्हणता येत नाही पण जिची संभाव्यता ० आहे. फेकींची संख्या हा येथील चल, आणि त्याच्या मूल्यांच्या संभाव्यता १/२, १/४, १/८ अशा चालत जातात. त्यांची बेरीज १ भरते. घटक अनंत असल्यामुळे सर्वांना सारखी संभाव्यता देणे येथे शक्यच नाही, म्हणून समसंभाव्यतेची सवय मोडण्यासाठी हा प्रयोग मला उत्तम वाटतो. ० ते १ मधील एखादा बिंदू निवडायचा असेल तर अवकाश आणखी मोठा होतो आणि प्रत्येक सुट्या बिंदूची संभाव्यता ० धरून अंतरालांना संभाव्यता द्यावी लागते. अशा अवकाशांत प्रत्येक उपसंचाला घटना म्हणता येत नाही, म्हणून चलाच्या व्याख्येत एक अट वाढते: कोणतीही संख्या घेतली, तरी चलाचे मूल्य तिच्याइतके किंवा तिच्याहून कमी असणाऱ्या निष्पत्तींचा संच ही घटना असली पाहिजे. सध्याच्या तुमच्या उदाहरणांत ही अट आपोआप पूर्ण होते, तेव्हा तिची काळजी पुढच्या वर्षावर सोडा.

शेवटी एक उदाहरण सोबत सोडवू. एक फासा टाकायचा, जितका अंक येईल तितक्या वेळा नाणे फेकायचे, आणि पडलेल्या छाप्यांची संख्या मोजायची. आधी वाक्य: या प्रयोगाची एक निष्पत्ती म्हणजे फाशावरील अंक आणि त्या अंकाइतक्या लांबीची छापा-काट्यांची मालिका. अशा निष्पत्ती २, ४, ८, १६, ३२ आणि ६४ मिळून १२६ आहेत. त्या समसंभाव्य आहेत का? नाहीत. फाशावर १ आला असेल तर प्रत्येक मालिकेला १/६ चा अर्धा भाग, म्हणजे १/१२ मिळतो, आणि ६ आला असेल तर १/६ चा चौसष्टावा भाग, म्हणजे १/३८४. आता छाप्यांच्या संख्येला छ म्हणू. 'छ = ०' या घटनेत सहा निष्पत्ती आहेत, प्रत्येक अंकासाठी एक, नुसत्या काट्यांची. त्यांच्या संभाव्यतांची बेरीज १/१२, १/२४, १/४८, १/९६, १/१९२ आणि १/३८४ मिळून ६३/३८४, म्हणजे २१/१२८ होते. घटक मोजून ६/१२६ केले असते तर १/२१ मिळाले असते, जे खऱ्या उत्तराच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी आहे.

याच अवकाशावर नाणे किती वेळा फेकले, ही संख्या देणारा दुसरा नियम घ्या आणि त्याला फ म्हणा. 'छ = फ' ही घटना कोणत्या निष्पत्तींची बनलेली आहे, त्या सर्व लिहून काढा आणि तिची संभाव्यता काढा. उत्तर 'छ = ०' इतकेच येईल. ते तसे का यावे, याचे कारण आकडेमोड न करता, केवळ दोन संचांकडे पाहून एका वाक्यात लिहिता येते. ते वाक्य लिहून मला कळवा.